एका तळ्याचा पत्ता

३० जून १९५४ची गोष्ट. उत्तर कॅनडातल्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात वणवा लागला होता. तो पाहून एक हेलिकॉप्टर परत निघालं होतं. खाली मैलोन् मैल सूचिपर्णी अरण्य आणि त्यात विखुरलेली असंख्य उथळ तळी. ना गाव, ना रस्ता. अशाच एका पाणथळीत वनाधिकारी विल्सन आणि वैमानिक लँडेल्स यांना उंच, पांढरेशुभ्र पक्षी दिसले. सोबत पिल्लूही होतं!

ते होते हूपिंग क्रेन. आपल्या सारसाचे उत्तर अमेरिकेतले भाऊबंद. शिकारीमुळे आणि पाणथळी बुजवून केलेल्या शेतीमुळे १९४१ साली रानात ते जेमतेम वीस-बावीस उरले होते. उरलेला थवा हिवाळ्यात टेक्सासच्या किनाऱ्यावर अरान्सासला येई. तिथं १९३७ साली अभयारण्यही झालं होतं. पण वसंतात उत्तरेला उडालेले हे पक्षी घरटी कुठं करतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रॉबर्ट पोर्टर अ‍ॅलन यांनी त्यासाठी विमानातून उत्तरेचा मुलूख धुंडाळला होता. पत्ता लागल्यावर १९५५ साली ते मोठ्या कष्टानं त्या दलदलीत पोहोचले.

गंमत अशी, की हे उद्यान १९२२ साली स्थापन झालं ते रानगव्यांसारख्या दिसणाऱ्या बायसनसाठी! त्यांच्या आडोशानं क्रौंचांचं माहेरही नकळत राखलं गेलं.

पत्ता लागला आणि उपाय सुचले. मादी बहुधा दोन अंडी घालते, पण पिल्लू सहसा एकच जगतं. म्हणून १९६७पासून काही घरट्यांतलं एकेक अंडं उचलून मेरीलँडमध्ये उबवलं गेलं. आज या रानटी थव्यात पाचशेहून अधिक पक्षी आहेत.

आपल्याकडचा अनुभव मात्र चटका लावणारा आहे. भरतपूरला येणारी सायबेरियन क्रौंचांची शेवटची जोडी २००२ साली दिसली. भरतपूर राखीव होतं. पण सायबेरियापासूनच्या वाटेवर, अफगाणिस्तान-पाकिस्तानात, त्यांची शिकार होत राहिली. अमेरिका-कॅनडात १९१६च्या करारानं निदान शिकारीला तरी आळा घातला होता.

पाहुणा यावा असं वाटत असेल, तर आपलं अंगण झाडून भागत नाही. त्याचं घर आणि त्याची वाट, दोन्ही शाबूत राहावी लागतात.