वहीबाहेरची गाय

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या बागायती पट्ट्यात ‘गाय बसली’ एवढे दोन शब्द पुरेसे असतात. गाय व्याली, एक-दोन दिवसांत तिचे कान गार पडले, मान पोटाकडे वळली आणि उठवूनही ती उठेना, हे सगळे त्यात आले. मग डॉक्टरांना फोन जातो, शिरेतून कॅल्शियमची बाटली लागते आणि बहुतेक गायी काही तासांत उभ्या राहतात. उपचार इतका झटपट लागू पडतो की आजार आला कुठून, हे विचारायचे राहून जाते. हा दुग्धज्वर काय किंवा त्यामागून येणारा किटोसिस काय, दोन्ही नशिबाचा भाग धरले जातात. या दोन तालुक्यांचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. हे आजार इथल्या शेतीच्या बदलातून वाढले. त्यांची कारणे ओळखीची आहेत, म्हणून त्यांचा अंदाजही आधी बांधता येतो. तो बांधला जात नाही, कारण दुधाच्या धंद्याने जी वही घालून दिली तिच्यात नेमके व्यायच्या आगेमागेचे आठवडे लिहिलेले नसतात.

संकरित गाय येण्यापूर्वी इथे गाय पाळत ती बैलासाठी. नांगर, मोट आणि गाडी बैलाच्या खांद्यावर चालत. बेल्ह्याचा बाजार नावाजला तो बैलांसाठीच. पूर्वेकडे खिल्लार, पश्चिमेला घाटमाथ्याच्या पावसात टिकणारी डांगी आणि बाकी सगळीकडे गावठी जनावर. खोंड पोसून उरेल ते लिटर-दीड लिटर दूध घरात येई. या गाईला दुग्धज्वर सहसा का होत नसे, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एक लिटर चिकात सुमारे २.३ ग्रॅम कॅल्शियम असते आणि गाईच्या रक्तद्रवात एका वेळी साधारण ३ ग्रॅम. दोन लिटर चीक देणाऱ्या गाईच्या अंगातून पाच ग्रॅमच्या आत कॅल्शियम जाते, ते हाडे आणि आतडी भरून काढतात. दहा लिटर चीक देणारी गाय २३ ग्रॅम गमावते, म्हणजे रक्तद्रवात असलेल्याच्या सात पटींहून जास्त. हाडांतून कॅल्शियम सोडवणारी यंत्रणा पुरती कामाला लागायला एक-दोन दिवस जातात. त्या एक-दोन दिवसांतच गाय बसते.

गाईचे काम बदलले ते पुणे जिल्ह्यातच आखलेल्या एका कार्यक्रमामुळे. गांधीजींनी १९४६ साली उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला आणि मणिभाई देसाई तिथे राहिले. १९६७ मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. गोठवलेल्या रेतमात्रा घेऊन कार्यकर्ता शेतकऱ्याच्या दारात जाऊ लागला आणि गावठी गाईच्या पोटी जर्सी व होल्स्टिन रक्ताच्या कालवडी जन्मू लागल्या. १९७२ च्या दुष्काळाने केवळ पावसावर विसंबण्यातला धोका दाखवला होता, त्यामुळे दुधाचा जोडधंदा पटायला वेळ लागला नाही. कुकडी प्रकल्पाच्या यडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांनी हिरव्या वैरणीची सोय केली. जिल्हा दूध संघाने खरेदीची हमी दिली, तर १९९२ नंतर मंचरजवळ ‘पराग’सारखा खासगी उद्योग उभा राहिला. ट्रॅक्टर आणि विजेच्या पंपाने बैलाचे काम काढून घेतले. बैलगाडा शर्यतींनी खिल्लारचा मान राखला, पण घरखर्च चालवण्याची जबाबदारी गाईवर आली. आधी जर्सीची चलती होती, पुढे लिटरच्या हिशेबात होल्स्टिन, म्हणजे बोलीतली ‘एचएफ’, वरचढ ठरली. त्यातली जर्सी तर दुग्धज्वराला जगभर सगळ्यात लवकर बळी पडणारी जात मानली जाते.

केवळ रक्त बदलल्याने सगळे घडले असे मात्र नाही. गव्हाणीत पडणारी वैरणही बदलली. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीच्या हंगामात वाढे मुबलक आणि स्वस्त मिळतात. वाढ्यांत ऑक्झलेट असते. ते कॅल्शियमला बांधून ठेवते आणि खाल्लेले कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. पश्चिमेच्या भातपट्ट्यातल्या पेंढ्यातही हाच दोष आहे. शेणखत आणि रासायनिक खतावर पोसलेला लसूणघास दिसायला उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर. पोटॅशियमने गाईचे रक्त अल्कधर्मी बाजूला झुकते आणि हाडांना ‘कॅल्शियम सोडा’ म्हणून सांगणाऱ्या संप्रेरकाला शरीर नीट दाद देत नाही. शिवाय भाकड गाय पैसा देत नाही. म्हणून चांगली पेंड दुभत्या गाईपुढे जाते आणि भाकड गाईच्या वाट्याला वाढे किंवा उरलेली वैरण येते. व्यायच्या आधीचे हे दोन महिने जमाखर्चात केवळ खर्चाचे दिसतात. पुढच्या वेतातले आजार ठरतात ते याच दिवसांत.

शास्त्राला हे उमगायलाही वेळ लागला. डेन्मार्कमधल्या कोल्डिंगच्या श्मिट या पशुवैद्याने १८९७ साली कासेत पोटॅशियम आयोडाइडचे द्रावण सोडून गायी वाचवल्या. कासेत विष तयार होते अशी त्याची समजूत होती. काही वर्षांतच लक्षात आले की कासेत नुसती हवा भरली तरी गाय उठते. कारण न कळता उपाय सापडला होता: फुगलेल्या कासेत दूध उतरणे थांबे आणि कॅल्शियमची गळती आवरे. १९२५ मध्ये स्कॉटलंडच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी रक्तातल्या घटलेल्या कॅल्शियमकडे बोट दाखवले, पुढे कॅल्शियम बोरोग्लुकोनेट आले आणि उपचाराला नेमके औषध मिळाले. भाकड काळातला आहार बदलून आजार आधीच टाळता येतो, हे नॉर्वेतल्या प्रयोगांतून ठसायला त्यापुढे आणखी काही दशके जावी लागली. आपल्याकडे संकरित गाय आली तेव्हा बाटली तयारच होती. म्हणून आपण थेट उपचारापासून सुरुवात केली आणि पूर्वअंदाजाची पायरी गाळली.

पायरी गाळली जाण्याचे दुसरे कारण संकलन केंद्राच्या वहीत सापडते. चीक तापवला की घट्ट होतो, त्याचा खरवस होतो; केंद्र तो घेत नाही. गाईची नोंद सुरू होते ती चीक सरल्यावर आणि संपते ती आटल्यावर. लिटर, फॅट आणि एसएनएफ एवढेच रकाने. किटोसिसच्या बाबतीत तर ही वही उलटी शिकवण देते. ताजी व्यालेली गाय खाण्यातून जेवढी ऊर्जा मिळवते त्याहून जास्त दुधातून देते, मग अंगावरची चरबी वितळू लागते आणि रक्तात कीटोन वाढतात; हाच किटोसिस. वितळलेली चरबी दुधात उतरून फॅट वाढते, प्रथिन मात्र घसरते. या दोहोंचे प्रमाण १.४ च्या वर जाणे ही किटोसिसची एक जुनी खूण मानतात. केंद्रावर मात्र फॅट चढले की दर चढतो, आणि दोन-तीन गायींचे दूध एकाच किटलीत आल्याने कोणाचे फॅट चढले हे कळतही नाही. आजाराची पहिली खूण अशा रीतीने बिलात चार पैसे जास्त म्हणून येते.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की पूर्वीही गायी बसत असतील, निदान होत नव्हते एवढेच. त्यात तथ्य आहे. कोणताही आजार शून्यातून येत नाही. पण दूध आणि वय यांच्याशी या आजाराचे नाते इतके घट्ट आहे की तो पूर्वी आजच्याइतका असणे संभवत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत व्याल्यानंतर रक्तातले कॅल्शियम घटलेल्या गायी पहिल्या वेतात २५ टक्के, दुसऱ्यात ४१ आणि तिसऱ्यात ४९ टक्के होत्या. त्यातल्या बहुसंख्य बाहेरून धडधाकट दिसत होत्या. दुसरा आक्षेप, मग देशी गाईकडे परत जावे. पण कर्जाचे हप्ते आणि मुलांच्या फिया ज्या दुधावर निघतात ते दूध दीड लिटरवर आणा, असे सांगणे सोपे आणि पाळणे अशक्य आहे. तिसरा आक्षेप, गाईच्या गळ्यातले पट्टे आणि सेन्सर येतील तेव्हा प्रश्न सुटेल. मंचरजवळच्या ‘भाग्यलक्ष्मी’सारख्या मोठ्या फार्मला यंत्रे परवडतात; दोन गायींच्या गोठ्याला त्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. चौथा आक्षेप सगळ्यात मोहक आहे: अंदाज कशाला, गाभण असतानाच सगळ्या गायींना कॅल्शियम पाजू. इथेच घात होतो. भाकड काळात कॅल्शियम भरपूर मिळाले की ते हाडांतून काढण्याची यंत्रणा सुस्तावते आणि व्याल्यावर गाय बसण्याचा धोका उलट वाढतो. भाकड काळात आवर आणि व्याल्यावर आधार, असे वेळेचे भान औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. आणि कोणत्या गाईला केव्हा किती आधार द्यायचा, हे अंदाजाशिवाय ठरत नाही.

तो अंदाज बांधायला लागणाऱ्या गोष्टी फारशा महागही नाहीत. गाईचे वेत कितवे, गेल्या वेतात ती बसली होती का, भाकड काळात वाढे किंवा लसूणघास किती दिवस होता, आटताना ती फार लठ्ठ होती का, या चार प्रश्नांची उत्तरे घरात असतात. वैरणकाडी आणि धार बहुतेक घरांत बायका सांभाळतात, त्यांना ती तोंडपाठ असतात. संघाचे खाते मात्र बहुधा पुरुषाच्या नावावर असते आणि ही माहिती त्या खात्यापर्यंत पोहोचत नाही. ज्या गायी या चाळणीत धोक्याच्या ठरतील त्यांचीच व्याल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत थेंबभर रक्ताची पट्टीवर कीटोन तपासणी करावी, लिटरमागे १.२ मिलिमोलच्या वर आकडा गेला की डॉक्टरांना बोलवावे. काही अंदाज चुकतील, पण चुकलेल्या अंदाजाची किंमत एका पट्टीची असते आणि न बांधलेल्या अंदाजाची एका वेताची. या कामाचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. संकरित गाय, पाटपाणी, साखर कारखाना आणि फॅटवरचा दर हे सगळे सार्वजनिक निर्णय होते, आणि त्यांतून जन्मलेले दूध संघ व डेअऱ्यांनी विकले. तेव्हा भाकड काळाचा रकाना आपल्या वहीत उघडणे आणि पट्टीचा खर्च उचलणे हे त्यांचेच काम आहे. निरोगी वेताचे दूध शेवटी त्यांच्याच टाकीत पडते.