नोंद, आयात, नियमितीकरण : मेक्सिकोतील कागदहीन मोटारींचा इतिहास

मोटारीची सरकारी नोंद हा विषय इतिहासाच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तथापि परदेशातून आलेली, वापरलेली, आणि मालकीचा कागद नसलेली मोटार कोणाची व कोठली, हा प्रश्न सुमारे दोन दशकांत मेक्सिकोच्या शासनास पुन्हा पुन्हा सोडवावा लागला. प्रत्येक वेळी त्याने या कृतीस निराळे नाव दिले. २००१ च्या कायद्याच्या शीर्षकात ‘इन्स्क्रिप्सिओन’ म्हणजे नोंद हा शब्द आहे. २००५ च्या फर्मानात ‘इम्पोर्तासिओन’ म्हणजे आयात. आणि २०२२ च्या फर्मानात ‘रेगुलारिसासिओन’ म्हणजे नियमितीकरण. या तीन शब्दांच्या क्रमात शासनाच्या भूमिकेचा इतिहास साठविलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १९६२ च्या फर्मानान्वये मेक्सिकोने स्वदेशी मोटारउद्योगाची उभारणी हाती घेतली. तयार मोटारींची आयात बंद करून वाहनातील ६० टक्के भाग देशातच निर्माण व्हावा, असे बंधन घालण्यात आले. उद्योग वाढला, परंतु शेतमजूर, फेरीवाला व छोटा कारागीर यांच्या ऐपतीत बसेल अशी मोटार बाजारात दुर्मीळच राहिली. उलट सीमेपलीकडे संयुक्त संस्थानांत जुन्या मोटारी विपुल व स्वस्त होत्या. भिंतीच्या एका बाजूस टंचाई व दुसऱ्या बाजूस सुकाळ असला म्हणजे भिंतीस भोके पडतात, त्याप्रमाणे येथेही घडले.

या मोटारी दोन वाटांनी येत. काही सरळ चोरवाटेने येत. काही मात्र कायदेशीर रीतीनेच येत : उत्तरेस कामासाठी गेलेला मजूर तात्पुरत्या आयातीचा परवाना घेऊन मोटारीसह गावी येई, परवान्याची मुदत संपे, आणि मोटार गावातच राही. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाई. अमेरिकेतील राज्याने दिलेला मालकीचा दाखला पहिल्या खरेदीदाराच्या नावावरच राही किंवा गहाळ होई. लोक अशा मोटारींस ‘आउतोस चोकोलाते’ म्हणू लागले. या नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. वाकडा या अर्थाच्या ‘चुएको’ शब्दाशी त्याचे नाते जोडणारे पुष्कळ आहेत.

कागद नसण्याचे परिणाम गंभीर होते. मोटार केव्हाही जप्त होऊ शके. विमा मिळणे दुरापास्त होई. आणि अपघातात कोणी जखमी झाल्यास वाहनाचा माग लागत नसे. ही पोकळी पाहून काही शेतकरी व वाहनधारक संघटनांनी आपल्या सभासदांना स्वतःच्याच पाट्या देण्यास आरंभ केला. या पाट्यांस कायद्याचा आधार नव्हता. तरी सीमेवरील रस्त्यांवर त्या सर्रास दिसत. शासन नोंद करीत नाही म्हटल्यावर समाजाने आपली नोंदवही उघडली, हा या इतिहासातील सर्वांत बोलका भाग होय.

मार्च २००१ च्या कायद्याने शासनाने प्रथम ‘नोंद’ देऊ केली. या शब्दात मोटारीच्या अस्तित्वाची कबुली आहे. ती कशी आली यासंबंधी मौन आहे. ऑगस्ट २००५ च्या फर्मानाने दहा ते पंधरा वर्षे जुन्या मोटारींच्या ‘कायम आयाती’स मुभा दिली. येथे शब्दाने एक कल्पित स्वीकारले. गावात कित्येक वर्षे फिरत असलेली मोटारसुद्धा जणू आजच सीमा ओलांडीत आहे, असे मानून तिच्यावर कर घेता येऊ लागला. या वाटेस आंतरराष्ट्रीय कराराचीही दिशा होती. १९९४ पासून अमलात आलेल्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारान्वये मेक्सिकोस जुन्या मोटारींवरील बंदी २००९ पासून टप्प्याटप्प्याने उठवावयाची होती.

१९ जानेवारी २०२२ चे फर्मान याहून स्पष्ट आहे. मोटार १९ ऑक्टोबर २०२१ रोजी देशात असली पाहिजे, अशी त्याची अट होती. म्हणजे ‘ती येथे होतीच’ ही गोष्ट शासनाने आता स्वतःच गृहीत धरली. आठ किंवा अधिक वर्षे जुनी मोटार २,५०० पेसो भरून सार्वजनिक वाहन नोंदवहीत चढविता येऊ लागली, आणि हे उत्पन्न रस्त्यांच्या डागडुजीस लावण्याचे ठरले. चोरीची तक्रार असलेल्या, चैनीच्या व चिलखती मोटारी वगळल्या गेल्या. मोटार उत्पादक व विक्रेत्यांच्या संघटनांनी या योजनेस विरोध केला. चोरट्या आयातीस हे पारितोषिकच आहे, हा त्यांचा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. कारण प्रत्येक माफी पुढील माफीची आशा निर्माण करते.

कागद नसता ओळख कशावरून पटवावयाची? येथे मोटारीच्या सांगाड्यावरील क्रमांक साक्षीदार ठरतो. १९८१ पासून अमेरिकेत तो सतरा चिन्हांचा असतो. आकड्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यातून आय, ओ व क्यू ही अक्षरे वगळलेली आहेत, आणि पहिले चिन्ह निर्मितीचा देश सांगते : १, ४ किंवा ५ असल्यास संयुक्त संस्थाने, २ असल्यास कॅनडा, ३ असल्यास मेक्सिको. परंतु या साक्षीला मर्यादा आहे. क्रमांक यंत्राचे जन्मस्थान सांगतो, मालक सांगत नाही. मूळ विक्रेत्यास पैसे पोहोचले की नाही, मधल्या हातांपैकी कोणी कोणास फसविले, हे क्रमांकास ठाऊक नसते.

म्हणूनच नियमितीकरण या शब्दाचा अर्थ नेमका समजून घेतला पाहिजे. त्याने मोटारीचा पूर्वेतिहास निर्दोष ठरत नाही; यापुढे तिच्याबद्दल जबाबदार कोण, एवढेच ठरते. ‘ही कोणाची होती’ हा प्रश्न मागे ठेवून ‘हिच्यासाठी उत्तर कोण देईल’ हा प्रश्न शासनाने पुढे केला. प्रामाणिक खरेदीदारास त्यात आसरा मिळाला, आणि रस्त्यावर जखमी होणाऱ्यास जाब विचारण्यासाठी एक नाव मिळाले. ज्याची मोटार मुळात गेली, त्याचा प्रश्न मात्र चोरीची तक्रार नोंदलेली नसेल तर या तिन्ही शब्दांच्या बाहेरच राहिला.