मे महिन्याचा अभ्यास

‘ऑनर्स’ हा शब्द कोल्हापुरात पुन्हा ऐकू यायला लागलाय. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची पदवी आली. सहा सत्रांत ७५ टक्के मिळवणाऱ्याला शेवटच्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येतं, आणि उन्हाळ्यासाठी आठ आठवड्यांचं सत्रही आहे. पण हुशार पोरांनी मे महिन्यात काय शिकायचं, हा प्रश्न काही आजचा नाही.

न्यायमूर्ती रानड्यांचं शाळकरी शिक्षण कोल्हापुरातलं. पुढे मुंबई विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या पदवीधरांत ते होते. त्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. परीक्षा नाही, गुण नाहीत, नुसतं ऐकायचं. उन्हाळी अभ्यासक्रमाचं आपल्याकडचं हे मूळ रूप म्हणायला माझी तरी हरकत नाही. फक्त ऐकायला जायचं तर माणूस पुण्यात हवा!

इथेच खरी मेख आहे. राजाराम कॉलेज १८८० साली निघालं, गोखल्यांसारखे विद्यार्थी तिथे शिकले. पण खेड्यातल्या पोराला कॉलेजची फी भरूनही भागत नव्हतं, राहायचं कुठे आणि जेवायचं काय हे पुढे उभंच. शाहू महाराजांनी ते नेमकं ओळखलं. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं, मागोमाग जैन, लिंगायत, मुस्लिम अशी बोर्डिंगं आली. कोल्हापूरचा शिक्षणाचा इतिहास वर्गापेक्षा भटारखान्यातून जास्त समजतो, असं मला वाटतं. १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनी ‘कमवा आणि शिका’ आणली, तीही याच वाटेने.

पण मे महिना? सुट्टी लागली की पोरगं गावी. मृगाच्या आधीची मशागत, हाताला हात हवा. तेव्हा उन्हाळी वर्गाची खरी फी म्हणजे तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी.

म्हणून मला एमटीटीएसचं कौतुक वाटतं. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेलं हे गणिताचं चार आठवड्यांचं शिबिर. तयार नोट्स उतरवून घ्यायच्या नाहीत. शिक्षक प्रश्न विचारत राहतात आणि व्याख्येपर्यंत मुलानेच पोचायचं. पाठांतरावर पहिला आलेल्याची पहिल्याच आठवड्यात दांडी उडते. आणि महत्त्वाचं म्हणजे निवड झालेल्याला स्लीपरचं भाडं, राहणं, जेवण मिळत आलं. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ साली पदवीच्या मुलांसाठी ‘नियस’ काढलं. तिथे भौतिक, रसायन, जीवशास्त्र. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी मुंबई, तेव्हा आपल्या पोरांना ते लांबही नाही. लांब असते ती माहिती. फॉर्म भरायची मुदत संपल्यावर कळतं, असंच बहुतेकांचं होतं.

नव्या आराखड्यात उन्हाळ्याचे श्रेयांक मोजलेले आहेत. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम त्याच काळात पुरा करायचाय. बरं आहे. त्या आठ आठवड्यांत डबा कोण देणार, ते मात्र मला त्यात सापडलं नाही.

दसरा चौकातल्या बोर्डिंगांवरून मे महिन्यात जाताना मनात येतं, यातल्या एखाद्यात चाळीस पोरांची चार आठवड्यांची पंगत बसवायला किती खर्च येईल? शिकवायला येणारे मिळतील.