पिवळा मका, पांढरा मका

आजची सुरुवात एका दुरुस्तीने. मागच्या भागात मोझांबिकच्या यादवी युद्धाबद्दल बोलताना मी पटकन म्हणून गेलो होतो, की मदतीचा मका काळ्या बाजारात गेला आणि गरिबांपर्यंत पोचलाच नाही. नंतर थोडं जास्त वाचलं. मक्याला पाय फुटले होते हे खरंच. पण पुढचा अर्धा भाग मी माझ्या मनाने जोडला होता.

ज्यांनी मागचा भाग ऐकला नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. १९७५ साली पोर्तुगीज गेले, दोनच वर्षांत फ्रेलिमोचं सरकार आणि रेनामोचे बंडखोर यांच्यात युद्ध पेटलं, आणि ते १९९२ पर्यंत चाललं. साधारण दहा लाख माणसं गेली, त्यातली बरीचशी गोळीने नाही तर भुकेने. शेतं सोडून लोक पळाले. एकट्या मलावीत दहा लाखांवर निर्वासित होते, आणि मलावीची स्वतःची लोकसंख्या तेव्हा एक कोटीच्या आसपास! त्यात १९९१-९२ चा दुष्काळ. एरवी मका विकणाऱ्या दक्षिण आफ्रिका आणि झिम्बाब्वेलाच बाहेरून मका आणावा लागला.

तर हा मका. तिकडचं रोजचं जेवण म्हणजे 'शिमा', मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा. आपल्याकडे पिठलं-भाकरी तशी तिकडे शिमा आणि सोबत पाल्याची भाजी. हा मका पांढरा लागतो. अमेरिकेत मात्र मुख्यतः पिवळा पिकतो आणि त्यातला मोठा वाटा जनावरांना जातो. मदतीच्या जहाजांतून तोच उतरला. पोषणाच्या हिशोबाने पिवळा उलट बराच, कारण पांढऱ्यात नसलेलं 'अ' जीवनसत्त्वाचं मूळ द्रव्य त्यात असतं. पण ताटात काय वाढलंय ते सगळ्यांना दिसतं ना.

हे वाचताना मला आमची आजी आठवली. बीड जिल्ह्यातली. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती, आणि रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची, मिलो. मी लहानपणी विचारलं की म्हणायची, "दुष्काळात काय खाल्लं काय विचारतो, जगलो ना?" मिलोचं नाव तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. तेही हळू आवाजात, "जनावराचं खाणं होतं बाबा ते." चाळीस वर्षं उलटली होती, तरी तिला लाज वाटत होती.

आता मूळ मुद्दा. मापुतोत १९८१ पासून रेशनकार्डाची पद्धत होती. मदतीचा बराच मका फुकट वाटायचा नव्हताच. सरकार तो ठरलेल्या भावाने घाऊक व्यापाऱ्यांना विकायचं, आणि पैसे तिजोरीत. ठरलेला भाव कमी, बाजारातला जास्त, मग गळती होणारच. मका खुल्या बाजारात, फुटपाथवरच्या बायकांच्या टोपल्यांत पोचला. मी सॉफ्टवेअरवाला, लीक म्हटलं की माझा हात आधी ते बंद करायला जातो. पण हा मका विकत घेत कोण होतं? ज्याला परवडायचं तो पांढरा घ्यायचा, नाहीतर गिरणीचं पॅकबंद पीठ. पिवळा स्वस्त, म्हणून तो गरिबाघरी जायचा. बाई दाणे मापाने घेणार, गल्लीतल्या छोट्या गिरणीतून दळून आणणार आणि संध्याकाळी शिमा करणार. पिवळी, पण पोटभर. गरीब कोण हे ठरवायला कुठल्या साहेबाचा शिक्का लागला नाही, मक्याच्या रंगानेच ते ठरवलं. मधल्यांनी पैसे खाल्ले, त्यांची बाजू मी घेत नाहीये. पण ज्यांच्याकडे रेशनकार्डच नव्हतं, त्या युद्धातून पळून शहरात आलेल्या कुटुंबांना हाच बाजार उपयोगी पडला.

४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये शांतता करार झाला आणि नशिबाने त्याच हंगामात पाऊस चांगला पडला. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपल्या भारतीय तुकड्याही होत्या. पुढच्या दोन-तीन वर्षांत सतरा लाखांच्या आसपास निर्वासित घरी परतले. त्यांना धान्याबरोबर बियाणं आणि कुदळीही दिल्या गेल्या. मला ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते, कारण पहिलं पीक हाती येईपर्यंत खायला काही नसेल, तर माणूस बियाणंच शिजवून खातो. सुरुंगांमुळे काही शेतांत पाय ठेवता येत नव्हता. देश सुरुंगमुक्त जाहीर व्हायला २०१५ उजाडलं.

तरीही बाजारात पांढरा मका परत आला आणि पिवळ्याची आवक आटत गेली. फक्त तो पांढरा मका सगळीकडे सारखा पोचला नाही. पिकतो उत्तरेत आणि मध्य भागात, मापुतो पार दक्षिणेच्या टोकाला. मधे झांबेझी नदी, आणि काइयाजवळ तिच्यावर रस्त्याचा पूल झाला २००९ मध्ये. तोवर ट्रक फेरीबोटीची वाट बघत उभे. उत्तरेच्या शेतकऱ्याला आपल्या राजधानीपेक्षा शेजारचा मलावी जवळ, म्हणून तो मका तिकडे विकत होता. आणि मापुतोतल्या मोठ्या गिरण्या दळत होत्या दक्षिण आफ्रिकेहून आणलेला मका.