स्टॅटिक आणि इन्स्टन्स मेथड : एका भेदाचा ऐतिहासिक मागोवा

ऑब्जेक्टाधिष्ठित आज्ञावलीत एक मूलभूत प्रश्न अनुस्यूत आहे : एखादी कृती नेमकी कोणाची? बँकेतील एका खात्याची शिल्लक सांगणे हे त्या खात्याचे काम होय. एकूण खाती किती, हे मात्र कोणतेही एक खाते सांगू शकत नाही. पहिली कृती इन्स्टन्स मेथड, तर दुसरी क्लासची ठरते.

ओले-योहान डाल व क्रिस्टन न्यूगॉर्ड यांनी ऑस्लो येथे विकसित केलेल्या ‘सिम्युला ६७’ या भाषेत क्लास व ऑब्जेक्ट या संकल्पना प्रथम मूर्त झाल्या. तेथे कृती ऑब्जेक्टच्या अंगभूत होत्या. पुढे झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात घडलेल्या ‘स्मॉलटॉक-८०’ने क्लासलाच ऑब्जेक्ट मानून प्रत्येक क्लासला स्वतंत्र मेटाक्लास दिला. परिणामी क्लासची कृतीही संदेशानेच घडू लागली आणि उपवर्गाला ती बदलता येऊ लागली.

ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांच्या ‘सी प्लस प्लस’ने निराळी वाट धरली. ऑब्जेक्टची गरज नसलेले फंक्शन बोलावण्यासाठी काही प्रोग्रामर शून्य पत्त्यालाच ऑब्जेक्ट मानण्याची क्लृप्ती योजत. १९८९ च्या २.० आवृत्तीत स्टॅटिक फंक्शनची सोय झाल्याने ती अनावश्यक ठरली. ‘स्टॅटिक’ ही संज्ञा मात्र ‘सी’ भाषेतून आली. तेथे ती चलाच्या साठवणुकीशी व दृश्यतेशी निगडित होती. म्हणूनच ‘स्थिर’ हा तिचा शब्दार्थ येथे दिशाभूल करतो.

१९९५ मध्ये जाहीर झालेल्या ‘जावा’ने हीच संज्ञा स्वीकारली. कार्यक्रमाच्या आरंभी एकही ऑब्जेक्ट अस्तित्वात नसल्याने ‘मेन’ ही मेथड स्टॅटिक ठेवावी लागली. स्टॅटिक मेथडची निवड कंपायलर करतो. उपवर्गातील त्याच नावाची मेथड तिला झाकते, परंतु तिची जागा घेत नाही. अशा रीतीने ऑब्जेक्टाधिष्ठित भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याची पहिली ओळख तत्त्वाशी न होता अपवादाशी होत राहिली.

सप्टेंबर २०२५ मधील ‘जावा २५’ने इन्स्टन्स स्वरूपाच्या ‘मेन’ला अधिकृत मान्यता दिली, आवश्यक तो ऑब्जेक्ट आता यंत्रणाच निर्माण करते. सदर भेद हा निसर्गनियम नसून भाषाकर्त्यांनी केलेली निवड आहे, हे यावरून स्पष्ट होते. त्यामुळे अध्यापनाचा आरंभ कीवर्डच्या पाठांतराने न होता ‘ही कृती कोणाची?’ या प्रश्नाने होणे अधिक सयुक्तिक ठरेल.