मंडणगडचा रानकोंबडा: फासकीपासून कॅमेऱ्यापर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगडच्या डोंगरउतारांवर आरवणारा रानकोंबडा हा राखी रानकोंबडा; उत्तर आणि पूर्व भारतातला तांबडा इकडे नाही. पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने 1782 च्या ग्रंथात त्याचे वर्णन केले आणि पाळीव कोंबडीचा पूर्वज तोच मानला. पुढे डार्विनने तो मान तांबड्याला दिला. 2008 साली मात्र कोंबडीच्या पिवळ्या कातडीचे जनुक राखी रानकोंबड्याकडून आल्याचे सिद्ध झाले. सोनेरा अगदीच चुकला नव्हता.

कोकणातल्या पक्ष्यांची पद्धतशीर नोंद सनदी अधिकारी जी. डब्ल्यू. व्हिडाल यांनी केली. त्यांची दक्षिण कोकणची यादी पक्षीअभ्यासक ए. ओ. ह्यूम यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात 1880 साली छापली गेली. मंडणगड तेव्हा दापोली तालुक्यात मोडत असे. त्या काळी नोंद म्हणजे बहुधा बंदुकीने टिपलेला नमुना. त्यातून जात आणि जागा कळे, पण पक्षी दिवसभर काय करतो ते कळत नसे.

त्याची वेळ ओळखत होते ते फासकी लावणारे. रानकोंबडा झाडावर रात्र काढतो, पहाटे आरवतो, सकाळी आणि ऊन उतरल्यावर पाचोळा उकरून चरतो. त्याच्या येण्याजाण्याच्या पायवाटा ठरलेल्या, म्हणून फासकीही तिथेच. मांसाखेरीज मानेच्या पिसांनाही भाव होता: त्यांवरच्या मेणचट पिवळ्या ठिपक्यांमुळे विलायतेत सॅमन माशासाठी बनावट माश्या बांधायला ती वापरत. 1972 चा वन्यजीव कायदा आणि 1991 ची दुरुस्ती यांनी शिकारीची वाट बंद केली.

फासकीची जागा आता कॅमेऱ्याने घेतली आहे; त्याची युक्तीही तशी जुनीच. 1920 च्या दशकात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन वाटेवर तार ताणून वाघांकडूनच त्यांचे फोटो काढवून घेत. आजचा कॅमेरा ऊब आणि हालचाल टिपतो, प्रत्येक चित्रावर वेळ उमटवतो. मोठ्या जनावरांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यात रानकोंबडा, कोकत्री (जमिनीवर चरणारा त्याच्याहून लहान पक्षी), मोर आपसूक येतात. त्या वेळांवरून प्रत्येक जातीच्या दिनक्रमाचा आलेख काढतात. दोन आलेख किती जुळतात हे 0 ते 1 या आकड्यात मांडण्याची रीत 2009 पासून रूढ झाली. दिवसा चरणाऱ्या पक्ष्यांत हा आकडा मोठा येणे स्वाभाविक, पण त्यावरून त्यांच्यात चाऱ्यासाठी चढाओढ असल्याचे सिद्ध होत नाही. कोकत्री दाट जाळीत राहते, मोराला मोकळी जागा चालते. एकाच तासाला तिघेही चरत असले तरी एका जागी असतीलच असे नाही. म्हणून वेळेचा आलेख जागेच्या नोंदीबरोबरच वाचावा लागतो. जमिनीलगतच्या कॅमेऱ्याला झाडावरचा पक्षी दिसत नाही. पहाटेच्या आरवण्याची मोजणी अजूनही बहुधा कानानेच होते.