मुंबईच्या ट्रामचा जमाखर्च

मुंबईच्या ट्रामविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें; परंतु तें बहुतांशीं आठवणींच्या स्वरूपाचें आहे. ट्रामपासून नगरास लाभ कोणता झाला व त्यासाठीं नगरानें काय दिलें, याचा विचार अस्सल कागदांच्या आधारें व्हावयास पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

९ मे १८७४ रोजीं कुलाबा ते पायधुणी व बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन मार्गांवर घोड्यांची ट्राम सुरू झाली. भाडें ३ आणे. तिकीट मुळींच नसे. गर्दी वाढतांच भाडें २ आण्यांवर आलें, आणि फुकट्या प्रवाशांस आळा घालण्यासाठीं त्याच वर्षीं पुढें तिकिटें निघालीं. (पहिल्या दिवसाचें म्हणून कोणी तिकीट दाखवूं लागल्यास संग्राहकांनीं तें संशयास्पद समजावें!)

खरा विवाद्य विषय मात्र एका हक्काचा आहे. रस्ता लोकांचा, रूळ कंपनीचे. परंतु कायद्यान्वयें १९०१ सालीं ट्राम विकत घेण्याचा हक्क म्युनिसिपालिटीस होता. १८९९ त कंपनीनें विजेची ट्राम चालविण्याची परवानगी मागितली व भांडवल मोठें लागणार म्हणून हा हक्क सोडावा, असें सुचविलें. म्युनिसिपालिटीनें तो सोडला नाहीं. पुढें कायद्याच्या अडचणी उद्भवल्या, आणि विजेची पहिली गाडी ७ मे १९०७ रोजीं धांवली. विलंबाचा दोष म्युनिसिपालिटीस देणें सोपें आहे. परंतु सार्वजनिक रस्त्यावरील कायमचा ताबा दुसऱ्याच्या हातीं देण्यापेक्षां कांहीं वर्षें घोड्यांवर काढलेलीं बरीं, असें आमचें मत आहे.

१९०५ च्या परवान्यानें ट्राम व वीजपुरवठा हीं एकत्र आलीं, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजीं तो सगळा कारभार म्युनिसिपालिटीकडे आला. पुढें विजेच्या उत्पन्नांतून वाहतुकीची तूट भरून निघूं लागली, तिचें मूळ या जोडणींत आहे.

३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. तूट वहींत दिसते. ज्या गरिबास चालण्याचे श्रम वांचले, त्याचा रकाना वहींत नसतो. म्हणून जुन्या घराण्यांतून ट्रामचे पास, तिकिटें वा खर्चाच्या वह्या सांपडल्यास त्यांची नोंद व्हावी. एखाद्या कारकुनाच्या वहींतील ट्रामभाड्याची ओळ कंपनीच्या ताळेबंदाइतकीच मोलाची आहे. दादर टी. टी. या नांवांतील दोन अक्षरें ‘ट्राम टर्मिनस’ चीं होत, हेंहि आतां सांगावें लागतें.